महालावरची शेवंती

डोंगरावरच्या त्या कबरीला आम्ही नगरकर नुसतंच 'महाल' म्हणतो. खाली तळघरात जुन्या काळचा एक सरदार निजलाय आणि आम्ही वर शाळेच्या सहली नेतो, भेळ खातो. माझी आईसुद्धा लग्नानंतर पहिल्यांदा वर गेली ती महाल बघायलाच. बाहेर एक छानसा दगड दिसला, त्यावर बसून तिनं डबा उघडला. चपाती-भाजी खाऊन झाल्यावर पप्पांनी हळूच सांगितलं की ही पण कबरच आहे. आई हबकली. आधी सांगता येत नव्हतं का, म्हणून पप्पांवर उखडली, मग केसातली शेवंती काढून दगडावर ठेवली आणि चक्क माफी मागितली. पुढे दर हिवाळ्यात ती शेवंती घेऊन वर जायची. आम्ही हसायचो, मेलेल्याला काय कळतंय? "मला कळतंय ना, बास," एवढंच म्हणायची.

आता आई खाली गावातल्या कबरस्थानात आहे आणि पप्पा सावेडीच्या घरात एकटे. पुण्याला माझ्याकडे चला म्हणून मी त्यांच्याशी भांडून भांडून थकले. हट्टी म्हणजे किती हट्टी माणूस! शेवटी गेल्या हिवाळ्यात म्हणाले, आधी महालावर ने, मग काय ते सांगतो.

सकाळी गाडीनं वर गेलो. पप्पांच्या हातात शेवंतीची पुडी. खाली धुकं होतं, गाव दुधात भिजत घातल्यासारखं. मधूनच गावातल्या किल्ल्याची झाडं वर यायची, परत बुडायची. खालचे हॉर्नसुद्धा झोपेत ऐकल्यासारखे वाटत होते. पप्पांनी बोट दाखवून विचारलं, आई तिकडेच ना? मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी हो म्हटलं.

आईच्या दगडावर फुलं ठेवून ते माझा हात धरून तळघरात उतरले. तिथं सरदार आणि त्याची बायको शेजारीशेजारी. गार, शांत. वेळ कुठे गेला कळलंच नाही. त्यांचे गुडघे दुखतील म्हणून मी चला म्हणणार, तेवढ्यात ते बोलले.

"तुझ्या आईच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी ठेवलीय. पुण्याला येतो मी. पण परत आणशील ना?"

त्यांची खोली, डॉक्टर, बाथरूममधली धरायची दांडी, सगळं मी ठरवलं होतं. हे एवढं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 

"आणीन, पप्पा."

"मग चल."

पुडीत अर्धी फुलं त्यांनी तशीच ठेवली होती. ती घेऊन आम्ही खाली आईकडे गेलो.