मर्लच्या पेन्सिलीच्या खुणा

व्हर्न हॉस्टेटलरसारखा व्यवस्थित माणूस अख्ख्या जॉन्सटाऊनात शोधून सापडला नसता, आणि त्याचा घात केला तो त्या व्यवस्थितपणानंच. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी काहीतरी चांगलं होईल म्हणून कुणी आशेवर बसायला नको.

पोलादाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली, तो बंद पडल्यावर शाळेत झाडलोट आणि डागडुजी. लग्नाचं राहूनच गेलं. टेकडीवरच्या घरात तो आणि त्याची कार्डं. च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंची निघायची ना, ती. फुटबॉलची होती, बेसबॉलची होती, पण जीव अडकला होता एकाच संचात, बासष्ट सालच्या बेसबॉलच्या. तो त्यानं आणि थोरल्या भावानं, मर्लनं, मिळून जमवायला घेतला होता. व्हर्न तेव्हा अकरा वर्षांचा, मर्ल पंधराचा. गम व्हर्ननं चघळायचा, कार्डं मर्लनं लावायची, अशी वाटणी.

संचात एक यादीचं कार्ड होतं. प्रत्येक नंबरापुढे एक बारकी चौकट. नवं कार्ड हाती लागलं की मर्ल पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचा आणि चौकटीत दाबून खूण करायचा. व्हर्नला हात लावू द्यायचा नाही. "तुझी खूण म्हणजे कोंबडीनं पाय पुसल्यासारखी. हो बाजूला," म्हणायचा.

शेवटची ओळ मात्र कोरीच राहिली. त्या ओळीतली कार्डं कंपनीच्या शेवटच्या खेपेत निघायची, आणि ती खेप बाजारात यायची सप्टेंबरात. तोवर पोरांना फुटबॉलचं वेड लागलेलं असायचं, त्यामुळे गावातले दुकानदार ती मागवायचेच नाहीत. "राहू दे रे, पुढे बघू," मर्ल म्हणाला. पुढे तो व्हिएतनामला गेला आणि सदुसष्ट साली तिथेच संपला. मागे राहिली बायको लोरेन, आणि तिच्या पोटात जनीन. लोरेन दुसरं लग्न करून ऑरेगॉनला निघून गेली. मर्लच्या वह्या, पत्रं, सगळं आईच्या तळघरात होतं, ते सत्याहत्तरच्या पुरानं नेलं. चिखलातून एक कागद धड निघाला नाही. वाचली ती फक्त व्हर्नच्या घरातली कार्डं.

आता या कार्डवाल्यांची एक खोड ऐका. संच जमला म्हणून यांतला कुणी गप्प बसत नाही. मऊ पडलेल्या कोपऱ्याचं कार्ड द्यायचं, वर पैसे टाकायचे आणि टोकदार कोपऱ्याचं घ्यायचं. मग त्याहून चांगलं दिसलं की पुन्हा तेच. व्हर्ननं हे वर्षानुवर्षं केलं. शेवटच्या ओळीतली कार्डं विकत घेतली, बाकीची कार्डं एकेक करून बदलली. संच लखलखीत झाला, पण ज्याला मर्लचा हात लागला होता असं त्यात एकच कार्ड उरलं, यादीचं.

खुणा केलेली यादी या लोकांत कुणी फुकटही घेत नाही. कोरी हवी, आणि कोरी मिळता मिळत नाही, कारण देशभरच्या पोरांनी खुणा केलेल्याच. व्हर्नचं कार्ड बाकी अगदी नवंकोरं होतं. एकोणनव्वद साली एका रविवारी तो मऊ रबर घेऊन बसला आणि एकेक खूण पुसून काढली. कागदात दाब उमटले होते, ते चमच्याच्या पाठीनं घोटून सपाट केले. इतकं सफाईनं, की पुढे कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीतल्या तपासणाऱ्यांनीसुद्धा ते कोरं म्हणून पास केलं आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडलं. त्या दिवशी हा गडी घरात शीळ घालत फिरत होता. काय म्हणावं या माणसाला! राग येतो मला अजून.

परवाच्या नोव्हेंबरात जनीनचा फोन आला. सत्तावन्न वर्षांची बाई, पण आवाज लहान मुलीसारखा झालेला.

"व्हर्नकाका, आई गेली. तिच्या सामानात तुमचं जुनं पत्र सापडलं, पुरानंतरचं. तुम्ही लिहिलंय, मर्लचं सगळं वाहून गेलं, पण यादीवरच्या त्याच्या खुणा माझ्याजवळ आहेत."

व्हर्ननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबांच्या हातची एक रेघसुद्धा मी पाहिलेली नाही हो. मला दुसरं काही नको. नुसतं बघायचंय. रविवारी येऊ का?"

"ये," व्हर्न म्हणाला.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार होता. तिथे स्टॉश बार्टेकचं टेबल असायचं. व्हर्नची निम्मी जुनी कार्डं यानंच घेतली होती.

"माझ्या जुन्या कार्डांतलं एखादं असेल का रे तुझ्याकडे?"

"तीस वर्षांपूर्वीचं? डोकं फिरलं काय तुझं? ती कुठल्या कुठे गेली असतील!" स्टॉश हसला, पण व्हर्नचा चेहरा बघून थांबला. "काय झालं?"

व्हर्ननं सांगितलं. स्टॉशनं टेबलाखालचं खोकं ओढलं, चाचपलं आणि एक मळकं कार्ड पुढे केलं. बासष्टचीच यादी, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली.

"एक डॉलर. राहू दे, तोही नको. हे दे तिला."

"ही मर्लची नाही."

"तिला काय कळणार? कुठल्या का पोराच्या असेनात, खुणा आहेत ना? अरे, सुखानं जाईल ती."

व्हर्ननं कार्ड खिशात टाकलं. गाडीत बसल्यावर पुन्हा काढून पाहिलं. या पोरानं शेवटच्या ओळीतही खुणा केल्या होत्या. एकूण एक चौकट भरलेली. कुठल्याशा नशीबवान गावात शेवटची खेप पोचली होती तर. व्हर्नला त्या अनोळखी पोराचा इतका हेवा वाटला की त्यानं कार्ड चुरगाळून खिडकीतून बाहेर फेकलं.

रविवारी जनीन आली. हनुवटी थेट मर्लची. व्हर्ननं कॉफी केली, क्रीम भरलेले काळे केक आणून ठेवले. तिनं कशाला हात लावला नाही. "आधी ते दाखवा ना, काका."

त्यानं डबी तिच्यापुढे ठेवली. तिनं उलटीपालटी केली, चष्मा लावला, पुन्हा पाहिली.

"खुणा कुठायत?"

"मी पुसल्या. मीच पुसल्या गं. कोऱ्या कार्डाला मान असतो आमच्यात. मला वाटलं..." त्र्याहत्तर वर्षांचा माणूस टेबलाशी बसून ढसाढसा रडला.

जनीननं डबी टेबलावर ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं विचारलं, "दाबून लिहायचे का ते?"

"दाबून. टोक मोडायचा कितीदा."

"मग कागदावर वळ राहिले असतील की. फोडा ती डबी."

चमच्याचं सांगायचा धीर त्याला झाला नाही. त्यानं पक्कड आणली आणि डबी फोडली. दिव्याखाली कार्ड तिरकं धरलं. कागद काचेसारखा गुळगुळीत होता. त्यानं स्वतःच केलेलं काम, त्याला माहीत नसेल तर कुणाला?

जनीननं कार्ड घेतलं, डोळे मिटले आणि आंधळ्या माणसासारखं बोट हळूहळू यादीवरून खाली नेत राहिली. एकदम थांबली.

"लागतंय! काका, लागतंय हो. इथे, बघा."

व्हर्ननं पाहिलं. तिचं बोट शेवटच्या ओळीवर होतं.

"हो," तो म्हणाला. "तिथेच करायचा तो."