चार फुटांच्या आत

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सगळ्या जगाला मजा असते आणि मला पगार नसतो. मी वसमतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो. जेवढे तास शिकवले तेवढे पैसे. कॉलेज बंद तर पैसेही बंद. गावात मात्र मला सर म्हणतात, लग्नपत्रिकेवर नावापुढे प्रा. छापतात आणि आहेराच्या वेळी त्या प्रा.कडं बघून अपेक्षा ठेवतात. सांगणार कुणाला?

मला एकुलती एक लेक आहे, ही गोष्ट घडली तेव्हा नऊ वर्षांची होती. नांदेडच्या बाजूला एक वॉटर पार्क झालाय. तिच्या वर्गातल्या अर्ध्या पोरी तिथं जाऊन आल्या होत्या आणि मधल्या सुट्टीत दुसरं काही बोलत नव्हत्या. आधी मी दिवाळीत जाऊ म्हणालो. मग उन्हाळ्यात म्हणालो. उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यात म्हणालो. त्या पुढच्या उन्हाळ्यात ती एवढंच म्हणाली, "पप्पा, जमत नसंल तर न्हाई म्हणा, पण जाऊ जाऊ म्हणू नका." मला ते फार लागलं. पोरीचा माझ्या शब्दावरचा विश्वास शेवटच्या धाग्यावर लोंबकळत होता आणि तो मला तुटू द्यायचा नव्हता. मी बायकोला सांगितलं, काहीही होवो, या वर्षी जायचं.

किंमत वाढली की मागणी घटते, असं मी दरवर्षी फळ्यावर रेघ ओढून शिकवतो. घरात लेकरू असलं की ती रेघ काही कामाची नाही. तिकीट वाढलं तसतसं माझ्या लेकीच्या डोळ्यांत त्या पार्कचं मोल वाढत गेलं. एवढं महाग आहे म्हणजे तिथं काहीतरी असणारच, असं तिचं सरळ गणित होतं.

जायच्या आठवड्यात बहिणीच्या गावाहून, हट्ट्याहून, माझी भाची आली. ती दर मे महिन्यात येते, लेकीच्याच वयाची आहे. आता बहिणीची पोर घरी ठेवून स्वतःच्या पोरीला फिरायला नेणारा मामा आमच्याकडं अजून जन्मला नाही. एक भाचा जेवला म्हणजे शंभर ब्राह्मण जेवले, असं म्हणणारे लोक आम्ही. भाचीला तर त्याहून वरचा पाट. बायकोनं न विचारताच सांगितलं, "तुमी तिघं जा. मला काय करायचं पाण्यात? केस वाळत न्हाईत माझे दोन दोन दिवस." ती कुणाचे पैसे वाचवत होती हे मला कळत होतं, पण मी कळलं नाही असं दाखवलं. पहाटे उठून तिनं ढपाटे केले, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि आम्हाला कुरुंद्याच्या फाट्यावर बसपर्यंत सोडायला आली.

पार्कच्या दारातच कळलं की मी किती अडाणी आहे. मोबाईलवर पाहिलेले दर जुने होते; उन्हाळ्याचे वेगळे, रविवारचे त्याहून वेगळे, आणि मी नेमका रविवार निवडला होता. ढपाटे आत न्यायला बंदी. सुती फ्रॉक घालून पाण्यात उतरायला बंदी, नायलॉनचे कपडे त्यांच्याकडूनच भाड्यानं घ्यायचे. मी नुसता बाकड्यावर बसणार होतो, तरी मला पूर्ण तिकीट. आमच्या लहानपणी शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत शिरायला तिकीट नव्हतं. खिशात काही नसलं तरी पाळणा फिरताना बघता येत होता, आणि बघून आलेलं पोरगंही चार दिवस तेच सांगत फिरायचं. इथं बघायचेही पैसे होते. मला इतका संताप आला की वाटलं, दोघींना धरून मागं फिरावं. पण लेक कमानीकडं बघून राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून माझे पाय हलले नाहीत.

खिडकीशेजारी भिंतीवर जिराफ रंगवलेला होता. त्याच्या मानेवर रेघ. चार फुटांच्या आत अर्धं तिकीट, वर पूर्ण. माझी लेक त्या वर्षी भराभर वाढली होती, रेघेच्या दोन बोटं वर भरली असती. भाची तिच्याहून किंचित उंच. दोघींची पूर्ण तिकिटं काढली तर भाड्याच्या कपड्यांना पैसे उरत नव्हते, आणि कपड्यांशिवाय पाणी नव्हतं. भाचीला मी काही सांगूच शकत नव्हतो. बहिणीच्या लेकीला मामानं चोरी करायला लावली, हे हट्ट्याला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. उरली कोण, तर आपली हक्काची.

मी लेकीच्या कानाशी वाकलो. "गुडघे जरा वाकव."

"काहून?"

"वाकव म्हणलं ना."

तिचा फ्रॉक लांब होता. शाळेच्या रांगेत या वर्षी मागं उभं राहायला मिळालं म्हणून मिरवणारी माझी पोर त्या जिराफाशेजारी गुडघे मोडून उभी राहिली. डोकं रेघेच्या खाली गेलं. खिडकीतल्या माणसानं नीट पाहिलंसुद्धा नाही. तिच्यामागून भाची ताठ उभी राहिली. लेकीच्या मनगटावर अर्ध्या तिकिटाची पिवळी पट्टी चिकटवली, भाचीच्या निळी. लेक माझ्याकडं न बघता आत गेली. मी स्वतःला म्हणालो, लेकरं विसरतात, पाण्यात गेली की विसरेल.

आणि विसरलीही, तासभर. दोघी लाटांच्या तळ्यात किंचाळत होत्या. मी बाकड्यावर त्यांचे कपडे धरून बसलो होतो आणि मनाची समजूत घालत होतो की झालं एकदाचं. मग त्या मोठ्या घसरगुंडीकडं धावल्या. तीन मजले उंच, बंद नळीतून फिरत फिरत खाली पाण्यात फेकणारी. तीन उन्हाळे जिचं नाव चाललं होतं ती हीच. जिन्याच्या तोंडाशी शिट्टीवाला उभा होता. त्यानं भाचीला वर सोडलं आणि लेकीचं मनगट धरलं. "पिवळी नाही चालत. चार फुटांच्या वरच्यांनाच."

मी पळत गेलो. म्हणालो, "अहो, ती चार फुटांच्या वरच आहे, मोजा पाहिजे तर."

"मग पट्टी पिवळी कशी?"

  मी ओल्या फरशीवरून घसरत परत तिकिटाच्या खिडकीशी गेलो आणि, आजही सांगताना कान तापतात, त्या पोरसवदा माणसापुढं हात जोडले. "साहेब, मी खोटं बोललो. लेकरू उंच आहे. वरचे पैसे घ्या, पण पट्टी बदलून द्या." तो म्हणाला, पट्टी बदलत नाही, नवं पूर्ण तिकीट काढा, जुनं वाया. परतीचं भाडं घातलं तरी तेवढे पैसे माझ्याकडं नव्हते. मी तिथंच उभं राहून फोन लावत सुटलो. एक सहकारी, तोही तासिकेवरचा, त्यानं उचललाच नाही. धाकट्या मेहुण्याचा बंद. तिसऱ्याला लावला आणि तो "बोला सर" म्हणाला. काय सांगू? घसरगुंडीसाठी पैसे पाठव? सहज केला होता म्हणालो आणि ठेवला.

मागं वळलो तर लेक उभी होती. अंगावरून पाणी गळत होतं. ती कधीपासून तिथं होती, तिनं काय काय ऐकलं, मी विचारलं नाही.

"पप्पा, मला नगं ते. लय उंच आहे. मला चक्कर येते."

ही पोर आंब्याच्या शेंड्यावर चढून कैऱ्या पाडणारी. मी "बरं" म्हणालो.  त्या दिवशी मला खरोखर मरावंसं वाटलं, हे लिहून टाकतो. नंतर कुणाला तोंडानं सांगायचा धीर होणार नाही.

परतीच्या बसमध्ये दोघी माझ्यापुढच्या सीटवर होत्या. भाची आधी घसरगुंडीचं नाव काढत नव्हती. लेकच तिला विचारत होती. आत अंधार असतो का? मग काय झालं? पाणी नाकात जातं का? किती वळणं आहेत? मग एकदम उजेड येतो की हळूहळू? वसमत येईपर्यंत तिनं तेच तेच तीनदा सांगायला लावलं. माझा जीव तुटत होता. मला वाटलं, बिचारी जळून राहिली, ऐकून भूक भागवतेय. एकदा तर मी चिडून म्हणालोही, "आता पुरे करा ते." ती भाचीच्या कानाशी सरकली आणि कुजबुजत पुन्हा सुरू झाली.

दिवेलागणीला घरी पोचलो. बायकोनं गरम भाकरी टाकल्या होत्या. तिघांना वाढून ती समोर बसली, दिवसभर ती याच क्षणाची वाट बघत होती हे दिसत होतं. "सांगा की गं! त्या मोठ्या घसरगुंडीवर बसलीस का?"

"व्हय मम्मी!" लेक म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. तीन मजले चढताना पाय कसे लटपटतात. नळीत कसा मिट्ट अंधार. पाच वळणं. चौथ्या वळणाला पोटात कसा गोळा येतो, नाकात पाणी जातं, आणि मग उजेड एकदम येतो, हळूहळू न्हाई. कुठंही अडली नाही. तेव्हा मला कळलं, बसमध्ये ती पाठ करून राहिली होती. भाचीनं ताटातून मान वर केली, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मामी, आमी दोघी संगच गेलतो. लय वरडली ही."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मग माझ्याकडं वळली. "बरं झालं बाई. अवो, लय महाग पडलं असंल, पण पैसे वसूल झाले ना?"

 मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "बराबर वसूल झाले, मम्मी."