दोन्ही डिस्क एकदम मरत नाहीत

लखनौ शहरात, गोमतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे मिळून, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस दुसरा नसेल. हे मी लिहितोय असं त्यांना कळलं तर ते रागावणार नाहीत. हे लिहायला मला कुणी सांगितलं, एवढीच चौकशी करतील. मूळचे अमरावतीचे, पण उभी नोकरी मानक नगरला रेल्वेत गेली, आणि तीही ब्रेकच्या चाचण्या घेण्यात. "ब्रेक लागेलच असं धरून चालणारा माणूस मी हाताखाली एक दिवस ठेवला नाही," असं ते सांगत. निवृत्त होऊन ते वृंदावन योजनेतल्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा ब्रेक मागे राहिले, आणि चाचणीसाठी दूधवाला, भाजीवाला आणि मीटर वाचायला येणारा माणूस एवढेच उरले. मी बँकेच्या बदलीने इथे आलो, त्यांच्या खालच्या मजल्यावर घर घेतलं आणि कोल्हापूरचा म्हणून ओळख करून दिली. ते नुसतं "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी जिन्यात अडवून त्यांनी मला तांबडा रस्सा कसा करतात ते विचारलं. मला धड सांगता आलं नाही. पुढचे सहा महिने मी त्यांच्या लेखी सोलापूरचा होतो.

त्यांचा संशय दुष्ट नव्हता, फक्त त्याला सुट्टी नसे. दूध तापवून, निववून, बोटावर घेऊन ते उजेडात धरत आणि दूधवाल्याकडे बघत. तो बिचारा म्हणे, "बाबूजी, दूध है, दवाई नहीं है." आंब्याच्या दिवसांत कोपऱ्यावरचा गाडीवाला दशहरी मलिहाबादचाच आहे म्हणून शपथ घेई, काका त्याला बाग कुणाची, झाड कितवं, असं विचारत. एकदा त्याने कंटाळून बागवाल्याचा पत्ताच दिला. झालं, पुढच्या रविवारी काका मला घेऊन मलिहाबादला. बाग खरी निघाली, बागवाला खरा निघाला, त्याने आम्हाला झाडाखाली खाटेवर बसवून बादलीतले गार आंबे खाऊ घातले आणि पिशवी भरून वर दिले. परतताना काकांनी पिशवीतला एकेक आंबा हुंगून पाहिला. मग म्हणाले, "माणूस जरा जास्तच चांगला वागला. तुम्हाला नाही वाटलं?"

अशा माणसाच्या घरात कंप्युटर आल्यावर काय होणार, ते सांगायला नको. इंटरनेटवर काही साठवायचं नाही, कारण "ते ठेवतात कुठे ते दाखवत नाहीत." त्याऐवजी दर रविवारी आंघोळ झाली की ते लॅपटॉपच्या सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे इमेज, एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेत. पहिल्या डिस्कवर विश्वास नको म्हणून लगेच दुसऱ्या डिस्कवर. पहिली गोदरेजच्या कपाटात, दुसरी तांदळाच्या डब्यात. काकू म्हणायच्या, "अहो, तांदूळ काढताना हाताला लागते ती." काका म्हणत, "म्हणूनच चोराला सापडणार नाही. चोर तांदूळ काढत नाहीत."

त्या लॅपटॉपमध्ये जपण्यासारखं फार नव्हतं, पण जे होतं ते दुसरीकडे कुठेच नव्हतं. बंगळूरला त्यांची लेक, आणि लेकीची सहा वर्षांची मुलगी. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं हिंदीत. म्हणून काकू तिच्यासाठी अस्सल वऱ्हाडी मराठीत गोष्टी सांगत आणि काका त्या ध्वनिमुद्रित करून ठेवत. चाळीसेक गोष्टी झाल्या असतील. मग काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, तब्येत सुधारली, पण आवाज गेला तो परत आला नाही. बसका, खरखरीत आवाज तेवढा उरला. काकूंनी त्याचं कौतुक केलं नाही की तक्रार केली नाही. फक्त गोष्टी सांगणं बंद केलं. नातीचा फोन आला की दोन वाक्यं बोलायच्या आणि फोन काकांकडे द्यायच्या.

गेल्या वर्षी ऐन थंडीत लॅपटॉपची आतली डिस्क गेली. काका डगमगले नाहीत. उलट इतकी वर्षं घेतलेल्या मेहनतीला वाव मिळाला म्हणून जरा खुशीत होते. आलमबागच्या दुकानात स्वतः समोर बसून त्यांनी नवी डिस्क बसवून घेतली, घरी आले, पेन ड्राइव्हवरून तो इमेजचा प्रोग्राम सुरू केला, कपाटातली डिस्क जोडली. प्रोग्राम म्हणाला, बाहेरची डिस्क सापडत नाही. त्यांनी तांदळातली आणली. तीही सापडत नाही.

दुपारी मी वर गेलो तेव्हा टेबलावर चार केबली, दोन डिस्क आणि तांदळाचे दोन दाणे होते. काकू दारात उभ्या होत्या. काका शांत आवाजात म्हणाले, "दोन्ही डिस्क एकदम मरत नाहीत. हे कुणीतरी केलेलं आहे."

"कुणी काका?"

"दुकानदाराने असेल. प्रोग्रामवाल्या कंपनीचा डाव असेल, नवा घ्या म्हणतील." मग माझ्याकडे बघून, "दिवाळीत प्रिंटर लावायला तुम्हीही आला होतात."

मी ते पोटात घातलं आणि कामाला लागलो. केबल बदलली. मधला हब काढून डिस्क सरळ लॅपटॉपला जोडली. दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावून पाहिली. प्रोग्राम बंद करून, डिस्क आधी जोडून, मग पुन्हा सुरू केला. दिवा लागे, डिस्क हाताला थरथरे, म्हणजे जीव होता; प्रोग्रामला मात्र ती दिसत नव्हती. काका प्रत्येक पायरी वहीत लिहून घेत होते, सोबत माझं नाव आणि वेळ. पण त्यांचंच वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. दोन्ही एकदम मरत नाहीत, म्हणजे दोन्ही धडधाकट आहेत, आणि दोन्हींच्या बाबतीत काहीतरी एकच घडलेलं आहे.

"एक डिस्क खाली माझ्या लॅपटॉपला लावून बघतो," मी म्हणालो.

"मी येतो," काका म्हणाले, आणि डिस्क स्वतःच छातीशी धरून, स्वेटरवर शाल घेऊन माझ्याबरोबर जिना उतरले.

माझ्या लॅपटॉपवर डिस्क लगेच दिसली. फक्त तिच्या चित्रावर एक लहानसं कुलूप होतं. डिस्क पासवर्डने बंद केलेली होती, आणि पेन ड्राइव्हवरच्या त्या प्रोग्रामला बंद डिस्क वाचता येत नव्हती. एवढंच.

"कुलूप कुणी घातलं?" मी विचारलं.

काकांनी चष्मा पुसून ते चित्र पुन्हा पाहिलं. "मी," ते म्हणाले. "ती दवाखान्यात होती तेव्हा. घरात सारखी माणसं यायची. मला वाटलं, निदान एवढं तरी बंद असावं. जुनी आतली डिस्क होती तोवर लॅपटॉप दोन्ही कुलपं आपोआप उघडायचा, पासवर्ड पुन्हा लागलाच नाही."

"पासवर्ड?"

त्यांनी तीन टाकून पाहिले. एकही लागला नाही. चौथ्या वेळी त्यांचे हात कीबोर्डवर नुसतेच राहिले. "त्या दिवसांतलं मला काही आठवत नाही," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणावरही संशय घेतला नाही.

पासवर्ड विसरला तर अशा डिस्कसाठी एक लांबलचक, अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली असते. कुलूप घालताना ती लिहून ठेवावी लागते. काकांनी लिहिली होती. पण सगळी एका माणसाकडे ठेवावी असा माणूस त्यांना मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी तिचे तीन तुकडे केले होते. पहिला काकूंच्या पोथीच्या पुठ्ठ्यात होता, काकूंना न सांगता. दुसरा अमरावतीला बहिणीकडे, विमा पॉलिसीचा नंबर म्हणून. त्यांनी बहिणीला फोन लावला, आणि हल्ली आवाजाची नक्कल करून फसवतात म्हणून आधी विचारलं, "आपल्या गायीचं नाव काय होतं?"

"दादा, गाय कुठी होती आपल्याकडे?" पलीकडून आवाज आला. "म्हैस होती. तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरोबर. आता तो नंबर वाच."

"आणि तिसरा तुकडा?" मी विचारलं.

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्याकडे आहे."

त्याआधीच्या वर्षी त्यांनी एक चिकटवलेला लिफाफा माझ्याकडे दिला होता, गॅसचे कागद आहेत, आमच्याकडे वाळवी आहे म्हणून. मी तो माझ्या कागदांत टाकून विसरून गेलो होतो. शोधून आणला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. चिकटवलेली कड जशीच्या तशी होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग पहिले दोन तुकडे त्यांनी मला भिंतीकडे तोंड करायला लावून टाकले, आणि तिसऱ्याच्या वेळी स्वतः भिंतीकडे वळले. "तुमचा भाग तुमचा," म्हणाले.

कुलूप निघालं. ते कायमचं काढून टाकायला तास-दीड तास गेला, मग डिस्क वर नेली, आणि त्या प्रोग्रामला ती मुकाट्याने दिसली. नव्या डिस्कवर सगळं उतरायला संध्याकाळ झाली. काकूंनी मध्येच खिचडी आणून ठेवली; कुणी हात लावला नाही. शेवटी लॅपटॉप सुरू झाला आणि काकांनी पहिली सापडली ती गोष्ट लावली. खोलीत काकूंचा जुना आवाज भरला, गोल, खणखणीत, मध्येच हसणारा. काकू हातातला डाव तसाच धरून ऐकत होत्या. गोष्ट अर्धी झाल्यावर त्या आपल्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, "किती बोलते ही बाई."

काका उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ वाळत घातलेले कपडे तपासत राहिले.

तेवढ्यात नातीचा फोन आला. तिलाही गोष्ट ऐकवली. ती म्हणाली, "ये तो आजी की पुरानी आवाज़ है. नई वाली में सुनाओ ना." काकू नको म्हणाल्या. ती ऐकेना. शेवटी काकूंनी वाघाची एक गोष्ट सांगितली, अडखळत, मधे पाणी पीत. गोष्ट संपल्यावर पोर म्हणाली, "इस आवाज़ में शेर ज़्यादा अच्छा बनता है." त्यानंतर काकू पुन्हा गोष्टी सांगू लागल्या. बहुतेक गोष्टींत वाघ असे.

या उन्हाळ्यात लेक दोघांना बंगळूरला घेऊन गेली. सामानाच्या ट्रकचा नंबर काकांनी मला लिहून घ्यायला लावला, ड्रायव्हरचा फोटो काढायला लावला, आणि ट्रक निघाल्यावर माझा हात एकदा घट्ट दाबून ते गाडीत बसले. वरच्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जोडपं आलंय. भली माणसं आहेत. दार सताड उघडं टाकून सब्जी आणायला खाली जातात आणि भाजीवाल्या भैयाशी गप्पा मारत अर्धा अर्धा तास उभी राहतात. मी एक-दोनदा सांगून पाहिलं. त्यांनी हसून "अरे, यहाँ कौन आएगा" म्हटलं. खरंच आहे, इथे कुणी येत नाही. तरी ती परत येईपर्यंत मी जिन्यात उभा राहतो.