आईच्या पानावरची कोलंबी

चाळिशी ओलांडेपर्यंत मी आईच्या हातची कोलंबी खात आलेलो. एका रविवारी बाळकुमच्या आमच्या घरी जेवता जेवता ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. मावशी म्हणाली, "अरे, कोलंबी बाजूला काढ, नुसता रस्सा घे." पुढच्या रविवारी मी तेच केलं आणि घसा आवळून थेट हॉस्पिटलात पोचलो.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हातावर वेगवेगळ्या पदार्थांच्या अर्काचे थेंब टाकून सुईने टोचलं. थोड्या वेळाने कोलंबीच्या थेंबाखाली गांध आली. "वर्षानुवर्षं खाल्लेलं अन्नसुद्धा शरीर एक दिवस शत्रू ठरवतं," त्या म्हणाल्या. "आता रस्सा नाही, कोलंबी केलेला तवाही नाही. शिजतानाची वाफही टाळा." जवळ बाळगायला एक इंजेक्शन लिहून दिलं.

त्या दिवसापासून आईने घरात कोलंबी आणली नाही, बाहेरही खाल्ली नाही. "मन उडालं रे माझं," म्हणायची. मला ते पटलंही.

आई गेल्यावर पहिल्या पितृपक्षात आम्ही तिचं पान गच्चीवर ठेवलं. आमच्यात पितरांना मासे चालतात, म्हणून वडे, खीर आणि तळलेली सुरमई. कावळे कठड्यावर नुसते बसून राहिले. नातेवाईक हात जोडून नाही नाही ती वचनं द्यायला लागले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. शेवटी मावशीने आपल्या घरून गरम कोलंबी आणून पानावर वाढली. मी नाकावर रुमाल धरून जिन्याच्या दाराआड जाऊन उभा राहिलो.

कावळा लगेच शिवला.