मॉनिटरमध्ये कोण पाहिजे?

स्टेजच्या बाजूला, पडद्याच्या आडोशाला बसणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साचतात. गोळा करावे लागत नाहीत! मी नागपुरातल्या एका भीमगीतांच्या पार्टीत वीसेक वर्षांपासून साउंड सांभाळतो. त्यातही माझं खास काम मॉनिटरचं. चार मित्र जमले की फर्माईश होते, "सुनील, तुमच्या पार्टीचं काही सांग ना बे!" आणि मग माझी गाडी थांबत नाही.

आधी मॉनिटर म्हणजे काय ते सांगतो. पब्लिकला ऐकू येतं ते पुढच्या मोठ्या स्पीकरमधून. त्या स्पीकरांची पाठ स्टेजकडे असते, त्यामुळे वाजवणाऱ्याला त्यातलं धड काही कळत नाही, नुसता गोंगाट पोहोचतो. म्हणून प्रत्येक कलाकारासमोर एक छोटा, तिरपा स्पीकर ठेवतात, तोंड त्याच्याकडे. तो मॉनिटर. त्यात कोणाचा आवाज किती सोडायचा, ते मी ठरवतो. म्हणजे ठरवतात ते, बटणं फिरवतो मी.

गाणं चालू असताना बोलता येत नाही, म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांनी. ज्याचा आवाज पाहिजे त्याच्याकडे बोट, मग बोट वर म्हणजे वाढव, खाली म्हणजे कमी कर. कोणाला कोणाचा आवाज पाहिजे, हे जगात फक्त मला माहीत असतं!

*

आमच्या गायिका प्रमिलाताई. साठी ओलांडली, आवाज अजून खणखणीत. पेटीही स्वतःच वाजवतात. मी नवीन होतो तेव्हा त्यांना खूश करायला म्हणून त्यांच्या मॉनिटरमध्ये त्यांचाच आवाज भरपूर सोडला. पहिल्याच कडव्यानंतर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुनील, माहा आवाज कमी कर. ढोलकी दे, बेंजो दे."

"ताई, सगळे गायक तर स्वतःचाच वाढवून मागतात!"

"मागू दे त्याहीले. मी काय गाऊन राहिली ते मले माहीत आहे ना बाप्पा! बाकीचे काय करून राहिले ते सांग."

मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो होतो.

*

कळमन्याला एकदा संध्याकाळचा कार्यक्रम होता. बाजूच्या रस्त्यावर मालाच्या ट्रकांची रांग. ताईंनी आलाप सुरू केला आणि एका ट्रकचा हॉर्न अडकला. पोंऽऽऽ! थांबायचं नावच नाही. ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडून बसला, आयोजक तिकडे धावले, पब्लिक कानावर हात ठेवून हसायला लागली.

मी काय करणार? तो हॉर्न काही माझ्या मशीनला जोडलेला नव्हता.

ताईंनी डोळे मिटले. पेटीवर दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या. एक पट्टी सापडली, ती बरोब्बर हॉर्नशी जुळली. बेंजोवाल्याला खूण केली, त्यानेही तारा तिथे आणल्या. आणि ताई त्या हॉर्नला तंबोऱ्यासारखा मागे धरून गायला लागल्या! दोन मिनिटं असं गाणं झालं की हसणारे लोक गप्प.

तेवढ्यात ड्रायव्हरने वायर उपटली. एकदम शांतता. ताई गाता गाता थांबल्या आणि माइकवर म्हणाल्या, "अरे, सूर कोणी बंद केला गा?"

*

आता आमच्या पार्टीतलं खरं दुखणं सांगतो. दोघं सख्खे भाऊ. मोठे मधुकरदादा, ढोलकीवर. धाकटे प्रभाकरभाऊ, बेंजोवर. पार्टी त्यांच्या वडिलांनी काढलेली. लहानपणापासून दोघं एका सतरंजीवर बसून वाजवत आले.

नऊ वर्षांपूर्वी सावनेरला कार्यक्रम होता. सावनेर म्हणजे प्रभाकरभाऊंची सासुरवाडी. पहिल्या रांगेत सासरे, सासूबाई, मेव्हणे, सगळे ऐटीत बसलेले. आणि त्याच दिवशी मी मॉनिटरच्या वायरींची पिशवी घरी विसरलो. होय, मीच विसरलो. म्हटलं, एक दिवस चालून जाईल.

समोर शाळेची लांबच लांब भिंत होती. बेंजोचा आवाज मोठ्या स्पीकरमधून जायचा, त्या भिंतीवर आपटायचा आणि दादांच्या कानाशी उशिरा परत यायचा. दादांना वाटलं, भाऊ लयीत मागे पडतो आहे. दोनदा डोळे वटारले. तिसऱ्यांदा ढोलकी थांबवली आणि भर माइकवर ओरडले, "प्रभाकर, झोपला का रे? हात चालव ना!"

पब्लिक हसली. सासरे मात्र हसले नाहीत.

प्रभाकरभाऊंनी बेंजो खाली ठेवला, शांतपणे स्टेज उतरले आणि मेव्हण्याशेजारी खुर्चीवर जाऊन बसले. उरलेला कार्यक्रम त्यांनी पाहुणा म्हणून ऐकला! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

*

पार्टी मात्र दोघांनीही सोडली नाही. बापाची पार्टी, सोडायची कोणी? एकाच गाडीतून जायचं, एक ड्रायव्हरशेजारी, एक सगळ्यात मागे. एकाच स्टेजवर बसायचं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. निरोप माझ्यामार्फत.

"त्याले सांग, दुसऱ्या गाण्यात लय चढून राहिली."

"त्याले सांग, चढून नाही राहिली."

मला राहवलं नाही. सावनेरच्या त्याच आठवड्यात दोघांच्या घरी जाऊन मी चूक कबूल केली होती. दादांना म्हटलं, "वायरी मी विसरलो होतो. प्रभाकरभाऊ लयीतच होते. दोष माझा आहे."

दादा खाली पाहत म्हणाले, "मले त्याच रात्री समजलं होतं. पण आता मोठ्या भावानं बोलायचं कसं, ते सांग."

प्रभाकरभाऊंना तेच सांगितलं. ते म्हणाले, "वायर तू विसरला, मान्य. पण दादा माहा हात काहून विसरला? इतकी वर्षं बाजूले बसून वाजवलं ना मी?"

नऊ वर्षं ती विसरलेली पिशवी माझ्या मनावर बसून आहे.

*

आणि आता गंमत ऐका. अबोला सुरू झाल्यावरच्या पहिल्याच कार्यक्रमाला दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "माह्या मॉनिटरमधी त्याचा बेंजो सगळ्यात जास्त पाहिजे. पण मी त्याच्याकडे बोट नाही दाखवणार. मी डावा कान खाजवला का तू वाढवत जाजो. अन् त्याले सांगू नको!"

मी मान डोलावून जागेवर येतो न येतो, तर प्रभाकरभाऊ हजर. "सुनील, मले दादाची ढोलकी भरपूर दे. मी टोपी सारखी केली का समजून घेजो. दादाले कळू नको देऊ."

तेव्हापासून आमच्या साउंड टेस्टिंगला इकडे एक जण कान खाजवतोय, तिकडे एक जण टोपी सारखी करतोय. एकदा लकडगंजच्या आयोजकाने मला काळजीने विचारलं, "भाऊ, तुमच्या ढोलकीवाल्याच्या कानाले काही झालं का? डॉक्टर आहे माह्या ओळखीचा."

*

बंटीचं सांगायचं राहिलंच. आमचा ऑक्टोपॅडवाला. हा कायम असमाधानी! दर गाण्याला बोट वर, वाढव, वाढव. मॉनिटर फुटायची वेळ आली तरी वाढव. शेवटी मी एक युक्ती काढली. मशीनवर एक बटण होतं, कशालाच न जोडलेलं. बंटीने खूण केली की मी ते बटण गंभीर चेहऱ्याने फिरवायचो आणि त्याच्याकडे पाहून मान डोलवायचो. तो लगेच खूश, अंगठा दाखवायचा. दोन वर्षं चाललं हे.

एक दिवस चहा पिताना मी त्याला ते सांगून टाकलं. वाटलं, भडकेल.

बंटी म्हणाला, "मले माहीत आहे. वायर नाही त्याले."

"मग खूण काहून करत होता बे?"

"मधीमधी कोणी आपल्याकडे पाह्यलं का बरं वाटते यार!"

आता मी बटण फिरवत नाही. नुसता त्याच्याकडे पाहतो. काम भागतं.

*

मग पार्टीत कानातले मॉनिटर आले. इअरफोनसारखे, कानात गच्च बसतात. बाहेरचं सगळं बंद, मी सोडेन तेवढंच आत. पोरं खूश झाली, दोघा भावांनीही लावले. प्रमिलाताईंनी मात्र पहिल्या गाण्यातच काढून फेकले. "पब्लिक कुठं गेली? मेल्यावानी वाटून राहिलं मले!"

मग मी एक माइक पब्लिककडे तोंड करून लावला आणि तो आवाज ताईंच्या कानात सोडला. ताईंचा चेहरा खुलला. टाळ्या, शिट्ट्या, लेकरांची रडारड, सगळं आत!

थंडीचे दिवस होते. पहिल्या रांगेत दोन बाया बसलेल्या, अगदी त्या माइकसमोर. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "प्रमिला जाडी झाली वं यंदा."

ताईंनी कडवं पूर्ण केलं, सुरावर व्यवस्थित थांबल्या, मग त्या बाईकडे पाहून माइकवर म्हणाल्या, "जाडी नाही वं माय, आतून स्वेटर घातलं मी!"

*

गेल्या वर्षी प्रभाकरभाऊंच्या मुलीला पुण्याला नोकरी लागली. एकुलती एक. भाऊ आणि वहिनी तिच्याकडे कायमचे राहायला जाणार, असं ठरलं. दादांना ही बातमी भावाकडून नाही, प्रमिलाताईंकडून गाडीत कळली.

दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बरं झालं. गाडीत जागा होईन."

त्या दिवशी साउंड टेस्टिंगला त्यांनी पाच वेळा कान खाजवला. बेंजो आधीच इतका होता की पुढे बटण सरकेना. मी हाताने सांगितलं, संपलं दादा, आता वाढत नाही. तरी खाजवतच राहिले.

प्रमिलाताईंनी दोघांनाही समजावून पाहिलं. दादा म्हणाले, "तो बोलला तर मी बोलतो." भाऊ म्हणाले, "मोठा आहे ना तो?" शेवटी ताई माझ्याजवळ येऊन डोळे पुसत म्हणाल्या, "हा असाच जाईन रे, सुनील." मला त्या क्षणी पुन्हा ती पिशवी आठवली. खरं सांगतो, जेवण गेलं नाही.

*

आणि आता भाऊंच्या शेवटच्या कार्यक्रमाचं. नागपुरातल्याच इंदोऱ्यात, एका सभागृहात, रविवारी दुपारी. हॉल गच्च. शेवटचं गाणं त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. त्यात मध्ये गाणं थांबतं आणि नुसती ढोलकी आणि बेंजो, आळीपाळीने आणि मग एकत्र, बराच वेळ चालतात.

ते गाणं सुरू व्हायच्या आधी भाऊ पाठ करून रुमालाने तारा पुसत होते. तेवढ्यात दादांनी माझ्याकडे पाहिलं. कान खाजवला नाही. हात सरळ लांब करून भावाकडे बोट दाखवलं आणि बोट वर. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तो हात खाली, खाली, पार जमिनीला टेकवला. म्हणजे माझ्या कानात माझी ढोलकी पूर्ण बंद कर!

मी खुणेने विचारलं, पूर्ण? ते म्हणाले, पूर्ण.

असं कोणी करत नाही. कान गच्च बंद, त्यात स्वतःचा आवाज नाही, म्हणजे आपण काय वाजवतो ते फक्त तळहाताला कळणार. पण दादांची नजर पाहून मी बटण खाली ओढलं.

दादा मान खाली घालून ढोलकी कसायला लागले आणि इकडे भाऊ वळले. त्यांनीही टोपीला हात लावला नाही. दादांकडे बोट, वर. स्वतःकडे बोट आणि मान हलवली. मला नको, मी नको.

तेही बटण खाली ओढलं. आता त्या स्टेजवर दोघं भाऊ वाजवणार होते आणि दोघांनाही स्वतः काय वाजवतो ते ऐकू येणार नव्हतं. हे फक्त मला माहीत!

मग ते जे वाजलं ना, ते मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. बेंजो प्रश्न विचारायचा, तो पूर्ण व्हायच्या आत ढोलकी उत्तर घेऊन उभी. एकत्र आले तेव्हा दोन माणसं वाजवत आहेत हेच कळेना. बंटी काड्या मांडीवर ठेवून बसून राहिला. प्रमिलाताई पुढचं कडवं सुरू करायचं विसरल्या. आणि मी, साउंडवाला माणूस, मशीनकडे पाहायचं सोडून रडत होतो.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. दादा कानातले मॉनिटर काढत, धापा टाकत माझ्याजवळ आले. म्हणाले, "सुनील, माहं कसं वाजलं गा आज? मले तर माहीतच नाही."

मी म्हटलं, "दादा, मले तर सगळं मिळून ऐकू येते. तुम्हाले एकट्याले शेवटपर्यंत ज्यानं ऐकलं, त्याले विचारा."

"कोण?"

मी बोट दाखवलं.

प्रभाकरभाऊ तिकडे बेंजो पेटीत ठेवत होते. दादा स्टेजचं हे टोक सोडून हळूहळू त्या टोकाला गेले आणि भावासमोर थांबले.

"प्रभाकर, आज माहं कसं वाजलं?"

भाऊंनी पेटीचं झाकण हातात तसंच धरून ठेवलं. वर पाहिलं.

"मस्त वाजलं, दादा." आणि विचारलं, "अन् माहं?"