चाळीस मिनिटांचं रडणं

बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते आज लिहितो. आमच्या बाईंच्या पुस्तकातलं एक वाक्य मी स्टेशनच्या बाकावर बसून रचलेलं आहे. आणि लेकरांवर एवढा जीव टाकणारी, तरी एकाही लेकराला बोट न लावणारी बाई अख्ख्या मावळात दुसरी झाली नाही.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास बाई मानसशास्त्र शिकून लोणावळ्यात राहायला आल्या आणि इथल्या आया मुलं कशी वाढवतात ते घरोघर बसून टिपू लागल्या. मी त्यांचा पगारी मदतनीस. त्यांचा नियम एकच, "आपण भिंत. भिंत बोलत नाही, मूल उचलत नाही." हातात घड्याळ, दर मिनिटाला नोंद. भाजे गावात एकदा एक रांगतं पोर त्यांच्या मांडीवर चढलं आणि पातळ भिजवून मोकळं झालं. बाई हलल्या नाहीत; "अकरा वाजून चार मिनिटं" एवढं लिहिलं. घरची म्हातारी करवादली, "अवो बाई, पोर घ्या की! घड्याळात काय बगताय?"

"मी भिंत आहे, मावशी."

"लय भारी भिंत! मगाशी शिंकली ती भिंतच व्हय?"

बाई इतक्या हसल्या की ते मिनिट कोरं राहिलं. ते कोरंच छापलं गेलं; मागाहून भरणं त्यांना पाप वाटे. मला नेमलं तेही त्यासाठीच. "यांना कल्पनाशक्ती अजिबात नाही," असं पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

डोंगरावरच्या वाडीत ठकूबाई नावाच्या लेकुरवाळीकडे नोंदी घ्यायला मला एकट्याला धाडलं, त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. मळवली स्टेशनावरच बसकण मारून मी तक्ता भरला: मूल रडलं, चाळीस मिनिटं कुणी घेतलं नाही. आई मजुरीला गेली असेल, हा माझा शहाणा अंदाज. बाईंनी वाचून नुसता चष्मा पुसला. पुस्तकात आलं, या वाडीत रडतं मूल तसंच ठेवतात.

पुढे वर्षानं मी खरंच ती वाडी चढलो. ठकूबाईचं पोर या कडेवरून त्या कडेवर फिरत होतं. तासाभरात त्याचे पाय जमिनीला लागले नाहीत. "खाली ठिवलं तर रडंल की," ती म्हणाली आणि मला ताक दिलं.

बाईंना हे सांगायला गेलो, तोवर बरीच वर्षं लोटली होती. त्यांच्या मांडीवर शेजारणीचा नातू, घड्याळ कुठंच नाही. "भिंत पडली हो," म्हणाल्या. मी चहा पिऊन, न सांगता तसाच परतलो.

आता बाई नाहीत. ठकूबाई आहे. तिच्यासमोर बसून ते वाक्य वाचायचं आणि हे खोटं मी लिहिलं, असं म्हणायचं. एवढं माझ्याकडून राहिलंय.