फोरमनने शिवलेली गोधडी

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक आमचं, दुसरं फोरमनचं. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सगळी इमारत त्यांना अजून फोरमनच म्हणते. अडतीस वर्षं त्यांनी कारखान्यात पत्रा कापला. त्यामुळे जिन्याचा कठडा हलला, कुणाचं दार फुगलं, कुणाच्या कुकरचं झाकण बसेना, की पहिली हाक त्यांना. काम फुकट, आणि कामाबरोबर मिळणारं व्याख्यानही फुकट. "'अंदाजे' हा शब्द ज्याने काढला ना वहिनी, त्याला एक दिवस माझ्या हाताखाली द्यायला हवा होता," हे त्यातलं ठरलेलं वाक्य.

तर हे फोरमन एका सकाळी आमच्या दारात उभे. "वहिनी, शिलाई मशीन द्याल का पंधरा दिवस?"

"दुरुस्त करायला?"

"ते तर करीनच. भिंतीपलीकडून ऐकतोय मी, चार वर्षं खडखडतंय ते. पण मला शिवायचंय."

"तुम्हाला? काय शिवायचंय?"

त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "गोधडी. पण घरात बोलू नका."

घरात म्हणजे सून आणि नात. मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला. शाळेत चित्रकला शिकवायचा. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्याच्या शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या असायच्या आणि दुमडीच्या आत कुठेतरी निळा नाहीतर पिवळा थेंब वाळलेला असायचा. सून दातांच्या दवाखान्यात काम करते. नात सात वर्षांची. आजोबांनी तिचं नाव ठिणगी ठेवलंय, आणि तिच्या बोलण्याचा वेग पाहता ते अगदी बरोबर आहे.

आता सहा आठवड्यांनी सुनेचं लग्न होतं. नवरा मुलगा चष्म्याच्या दुकानाचा मालक, तोही एकटा पडलेला, शांत माणूस. हे लग्न व्हावं म्हणून फोरमननीच मागे लकडा लावला होता. "बत्तीस म्हणजे काय वय आहे? माझ्यासाठी थांबू नकोस," असं त्यांनी तिला आमच्यादेखत सांगितलं होतं. लोकांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. पण तोंडाने 'जा' म्हणणं वेगळं, आणि रोज सकाळी नातीच्या बुटाच्या नाड्या बांधताना आता असे किती दिवस उरले हे मनात येणं वेगळं. ते नाड्यांना इतक्या गाठी मारू लागले की शाळेत बाईंना कात्री घ्यावी लागली म्हणे.

मुलाचे चौदा शर्ट कपाटावरच्या बॅगेत होते. सुनेनेच घडी करून ठेवलेले. फोरमनच्या मनात होतं, त्यांची गोधडी शिवायची आणि ठिणगीबरोबर पाठवायची. मोठी, सात फूट बाय पाच फूट, म्हणजे ती कॉलेजात गेली तरी पुरेल. बाप नीटसा आठवला नाही तरी अंगावर असेल.

मशीन त्यांनी स्वतःच उचलून नेलं. दोन दिवसांनी मला टीप मारायचे धडे द्यायला बोलावलं, तर मशीन ओळखूच येईना. सगळं सुटं करून, पुसून, तेल देऊन जोडलेलं. इतकं मुकाट चालत होतं की मला आपल्या चार वर्षांची लाज वाटली. टेबलावर आलेखाच्या कागदावर नकाशा. सहा इंचाचे चौकोन, एका ओळीत दहा, अशा चौदा ओळी. तुकडे कापायला पत्र्याचा चौकोन, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या.

"एकशे चाळीस तुकडे," ते म्हणाले. "एकही केसभर इकडेतिकडे होणार नाही."

मी त्यांना जुन्या चादरीवर सराव करायला लावला. कापडाची कड सोडून अर्धा इंच आत टीप मारायची, नाहीतर धागे निसटतात, हे दोनदा बजावलं. त्यांनी मशीनच्या सुईखालच्या पत्रीवर बरोबर अर्ध्या इंचावर खूण ओरखडून घेतली. "पुढचं मी बघतो," म्हणाले. "काम पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता."

सून दवाखान्यात आणि नात शाळेत असायची तेवढ्या वेळात काम चालायचं. सव्वातीनला बंद. पसारा पलंगाखाली. माझ्याकडून कधी सुई, कधी दोरा न्यायचे. असंच एकदा दोऱ्याचं रीळ घेऊन निघाले आणि उंबऱ्यातच थबकले.

"वहिनी, एक विचारू? दुसऱ्याच्या घरात पहिल्याचे शर्ट... चालतात का हो?"

"माणूस चांगला वाटतो," एवढंच म्हटलं.

"चांगलाच आहे. म्हणून तर. वाईट असता तर मी विचारलंच नसतं, सरळ नेऊन टाकली असती." मग रिळाकडे बघत म्हणाले, "तो काही बोलणार नाही. पण माळ्यावर ठेवून देईल. मग आमचा पोरगा तिथे माळ्यावर."

ते गेले. मी पोळपाटावरचं पीठ तसंच ठेवून जरा वेळ बसून राहिले.

बाराव्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. थाप म्हणजे मुठीने. फोरमन घामाघूम.

"तुमच्या मशीनने कापड खाल्लं!"

मी धावले. पलंगावर गोधडीचा वरचा थर पसरलेला. खरं सांगते, बघत राहावं असं काम होतं. निळ्या चौकटी, करड्या रेघा, एक मातीसारखा तांबूस, मध्येच एक खिसा तसाच ठेवलेला. शिवणी दोरी लावल्यासारख्या सरळ, कोपऱ्याला कोपरा भिडलेला. पण फोरमनच्या हातात पोलादी टेप होती आणि चेहरा पडलेला.

"लांबीला तेरा इंच कमी. रुंदीला नऊ. मी प्रत्येक तुकडा मोजलाय! प्रत्येक तुकडा सहाचा आहे!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "फोरमन, तुकडा सहाचा कापलात?"

"मग किती कापणार? नकाशात सहा आहे."

"अहो, दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच शिवणीत जातो ना. सहाचा हवा तर सातचा कापायचा असतो."

त्यांनी बोटांनी काहीतरी मोजलं. "चौदा ओळी, तेरा शिवणी. तेरा इंच." मग खुर्चीत बसले. "लोखंडाला लोखंड जोडलं तर सहा आणि सहा बारा होतात हो वहिनी. अडतीस वर्षं बाराच झाले."

"चूक माझी. मी अर्धा इंच सांगितला, पुढचं तुम्हाला माहीत असेल असं धरून चालले."

"आता नवं कापड कुठून आणू? बाजारात मिळतात होय ते शर्ट?"

एका पिशवीत कॉलर आणि बटणपट्ट्या उरल्या होत्या. त्यांनी त्या पुन्हा पुन्हा चाचपून बघितल्या. त्यातून तेरा इंच निघत नव्हते. तेवढ्यात दार वाजलं, किल्ली फिरली. सून. दवाखान्यात वीज गेली म्हणून लवकर सुटली होती, वाटेत ठिणगीलाही शाळेतून घेऊन आली होती.

फोरमननी गोधडी ओढली, जमेल तेवढी खाली कोंबली आणि सरळ तिच्यावर बसले. पण सात फुटांच्या हिशेबाने शिवलेली वस्तू एका माणसाच्या बुडाखाली मावत नाही.

"बाबा, उठा," सून म्हणाली.

"कंबर धरलीय."

"बाबा."

ते उठले. तिने एक कोपरा हातात घेतला. एकेका तुकड्यावरून तिचं बोट फिरत गेलं. तांबूस तुकड्याशी थांबलं. मग तिने कपाटावर पाहिलं, जिथे बॅग होती.

"सगळे कापलेत?"

"ठिणगीसाठी."

"मला विचारलं नाहीत."

"मला वाटलं, तू आता..." फोरमननी वाक्य अर्धंच सोडलं.

"मी आता काय? मला नको असतील? मी कुठे जाते म्हणजे इथलं सगळं पुसून जाते असं वाटलं तुम्हाला?" आवाज चढला नव्हता. "हा तांबूस मी ठेवणार होते. माझ्या सामानात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुम्हाला विचारायचं राहिलं होतं."

घ्या! एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून दोघांनी तोंडाला कुलूप लावलं, आणि मधल्या मध्ये शर्टांचे एकशे चाळीस तुकडे झाले. मला तिथून काढता पाय घ्यावासा वाटत होता, पण माझ्या आणि दाराच्या मध्ये ठिणगी उभी होती.

"चुकलं माझं," फोरमन म्हणाले. माझ्या आठवणीत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. "आणि वर गोधडीही चुकली. तेरा इंच आखूड."

"आखूड?" ठिणगी बूट काढून पलंगावर चढलीच. आडवी झाली, गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "मला तर पुरून उरतेय! आबा, हा बाबांचा खिसा आहे? याच्यात काय ठेवायचं?"

"तुला आज पुरतेय गं," सून म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "बाबा, किती मोठी मुलगी धरली होतीत तुम्ही? सात फूट? बास्केटबॉलला पाठवणार आहात?"

"पाय झाकायला लागतात. वरून दुमडायला लागते. हिशेब आहे तो."

"हो, हिशेब दिसतोय." ती पलंगावर बसली, तांबूस तुकडा मांडीवर घेऊन. मग त्यांच्याकडे नजर टाकून म्हणाली, "तुमचे ते निळे कामाचे शर्ट अजून आहेत ना? हा जो अंगात आहे तसले?"

"त्यांचं काय?"

"खालून आणि बाजूने पट्टा लावायचा. काढा हा."

"अगं, घालतोय मी!"

"उसवलाय बगलेत. काढा म्हणते ना. वहिनी, तुम्हीच सांगा."

"यात माझं काय काम," फोरमन पुटपुटले. "बापाची आठवण आहे ती."

"तिच्या बुटाच्या नाड्या कोण बांधतं रोज?" सून म्हणाली. यावर ते बटणं काढायला लागले.

असे ते बनियनवर उभे असताना चष्मेवाले आले. ठिणगीचं टेबल नेण्यासाठी माप घ्यायला त्या दिवशी यायचं त्यांचं ठरलेलंच होतं. दार उघडं, पलंगावर गोधडी, गोधडीत ठिणगी, हातात शर्ट धरून सासरेबुवा. फोरमन शर्ट पुन्हा घालायला लागले.

"हे बाबांचे शर्ट आहेत," ठिणगीने जाहीर केलं. "आबांनी शिवलेत. आखूड झाले, पण मला पुरतात. मी नेणार."

चष्मेवाले पलंगाजवळ आले. आपला चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि जवळून बघू लागले, धंद्याची सवय. एक शिवण बोटाने चाचपली. फोरमनची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलेना. गेल्या बारा दिवसांत त्यांनी जे मला उंबऱ्यात एकदाच विचारलं होतं, ते सगळं त्या नजरेत होतं.

"एक अडचण आहे," चष्मेवाले म्हणाले.

फोरमनचा हात बटणावरच थांबला.

"तिची खाट खिडकीपाशी लावलीय मी. पश्चिमेची खिडकी. दुपारपासून ऊन थेट खाटेवर येतं. सहा महिन्यांत हे निळे उडतील. हा तांबूस तर आधी उडेल." ते सरळ उभे राहिले. "खाट हलवता येणार नाही, दुसऱ्या भिंतीला कपाट आहे. काचेवर फिल्म लावावी लागेल. ऊन अडवणारी मिळते, मी दुकानाला लावलीय. लग्नाच्या आधी लावून टाकतो."

सुनेने मान खाली घातली होती. फोरमननी पोलादी टेप उचलली.

"दुकानाची पाहिलीय मी," ते म्हणाले. "बुडबुडे आहेत तिच्यात."

"आहेत," चष्मेवाल्यांनी कबूल केलं.

"साबणाचं पाणी मारलं नसणार. आणि मधून कडेकडे दाबत न्यायची असते, तुम्ही कडेकडून मध्ये आणली असणार. खिडकीचं माप काय?"

"असेल अंदाजे चार बाय—"

"अंदाजे!" फोरमन गरजले, आणि त्या आवाजाने आम्हा सगळ्यांचे खांदे सैल झाले. "अंदाजे नाही. रविवारी मी येतो. स्वतः मोजतो, स्वतः लावतो. तुम्ही फक्त बादली धरा."

"नऊला या," चष्मेवाले म्हणाले. "नाश्ता आमच्याकडेच करा."

"आठला येतो. ऊन चढायच्या आत काच पुसून व्हायला हवी."

मग त्यांनी अंगातला निळा शर्ट पुरता काढला, टेबलावर सपाट केला आणि माझ्याकडे कात्रीसाठी हात पुढे केला. "खालचा पट्टा चौदा इंच कापायचा ना वहिनी? तेरा नाही. एक शिवणीत जाईल."

"चौदा," मी म्हटलं.

रविवारी ते आठला गेले आणि दिवेलागणीला परत आले. खिडकी मोठी निघाली म्हणे, एक बाजू राहिली. पुढच्या रविवारी परत जावं लागणार होतं.